मागच्या फळीची चार भोकं

मामाजी, तुमच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी ग्राइंडर हातात घेतला आणि तुम्ही केलेलं शेवटचं काम कापून काढलं. घरात पाहुणे होते. सासूबाई, आपल्या आत्याबाई, ओसरीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. तुमचा मुलगा, माझा नवरा दिलीप, शेडच्या दारात येऊन म्हणाले, "बाबाचा हात लागलेली शेवटची वस्तू आहे ते. काऊन तोडून राहिली तू?" मी मशीन सुरू केली. त्या आवाजात कोणाला उत्तर द्यावं लागत नाही, आणि मला तेच पाहिजे होतं.

तिकडे कोणी चुगली करण्याआधी मीच सांगून टाकते म्हणून हे लिहिते आहे. येणारे-जाणारे माझे डोळे पाहून म्हणतात, सून असावी तर अशी, सासऱ्यासाठी किती रडली. रडली मी थोडी. पण जास्त करून मी चिडलेली आहे. आणि ज्याच्यावर चिडायचं तो माणूस हार घालून फोटोत जाऊन बसला, तर चिडणारीनं जायचं कुठं?

सुरुवात तुमचीच होती. होळीच्या आधी तुम्ही गावाकडे गेले आणि येताना मिनी ट्रकवर ती बोट घेऊन आले. फुलचूरच्या आपल्या गल्लीत ट्रक वळेना. सगळी गल्ली दारात येऊन उभी राहिली. मिस्त्रीच्या घरापुढं अठरा फुटांची फायबरची बोट! कुठल्या तरी तलावावर पर्यटकांना फिरवून म्हातारी झालेली, मग कित्येक वर्षं काठावर पडून पावसाचं पाणी प्यालेली. वरून मात्र अजून पांढरी, कडेला निळी पट्टी. तुम्ही तिच्यावर थाप मारून म्हणाले, "यंदा आपल्या गावचा धान या डोंग्यातून येते. पाह्य तू."

मला हसू आलं होतं, पण कारण मला माहीत होतं. इटियाडोह धरणाच्या पाण्याकाठचं आपलं गाव, आणि आठ-दहा घरांची शेती पाण्याच्या पलीकडे. रस्त्यानं जायचं तर भला मोठा फेरा, आणि मधला नाला पावसाळा संपून महिना झाला तरी ट्रॅक्टर उतरू देत नाही. लाकडी डोंग्यात चार पोती टाकली की काठ पाण्याला टेकतो. आत्याबाईंचे भाऊ, दयाराममामा, एकदा तसेच पोत्यांसकट उलटले. पोहून निघाले, म्हणून आज आहेत. तेव्हापासून तुमच्या डोक्यात मोठी नाव बसली होती.

"लाकडाचं मी पाह्यतो, फायबरचं तू पाह्य," तुम्ही म्हणाले. जसं काही दोन खाती वेगळी आहेत.

इथं एक गोष्ट कबूल करून टाकते, नाही तर पुढं चिडण्याच्या भरात राहून जाईल. लग्नाआधी मी गोंदियाला कुलरच्या फायबरच्या बॉड्या बनवणाऱ्या शेडमध्ये कामाला होती. लग्नानंतर हे काम सुटेल असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. तुम्ही मात्र तुमच्या सुतारशेडचा अर्धा भाग रिकामा करून दिला. घरात फायबर चिकटवायच्या रेझिनच्या वासावरून कटकट झाली, तेव्हा म्हणाले, "माया सरसाचा वास इतकी वर्षं चालला, मंग हिच्या रेझिनचा काऊन नाई चालत?" तुमच्या त्या एका वाक्यावर माझी शेड उभी आहे. दारं, टाक्या, कुलर, सगळं त्याच्यावर. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. आपल्याकडे असं बोलतात कुठं?

तर बोट. चैत्राच्या उन्हात तुम्ही तिच्यात चढले आणि तुमचा पाय फरशीत गुडघ्याएवढा आत गेला. मी फरशी कापली. फायबर कुजत नाही, हे मी गिऱ्हाइकांना छाती ठोकून सांगते. पण बोटीचं नुसतं कातडं फायबरचं असतं, हाडं लाकडाची. तळाशी तुळयांसारख्या लांब कड्या, त्यांच्यावर फरशी, आणि मागं जिथं मोटर टांगायची तिथं एक जाड फळी. हे सगळं फायबरच्या थरात गुंडाळलेलं. आपण ते गुंडाळलेलं उघडलं तर आत लाकूड नव्हतंच. चहा गाळून उरलेल्या पत्तीसारखा काळा, ओला चोथा होता. तुम्ही ओंजळभर उचलून नाकाशी नेला आणि तुमचं तोंड असं झालं, जसं घरातलंच कोणी गेलं.

"कोंडून मारलं त्याले," तुम्ही म्हणाले. "पानी आत आलं, पन निघायले वाट नाई ठेवली."

"पाणी आलंच कायले, ते पाहा ना," मी म्हटलं. "स्क्रू मारताना भोकं उघडी ठेवली. तिथून आलं."

आपलं भांडण त्या दिवशी सुरू झालं आणि तसं पाहिलं तर अजून संपलं नाही. तुमचं म्हणणं, लाकूड जित्तं असते, पाणी येणारच, त्याला बाहेर पडायला वाट द्या. माझं म्हणणं, पाण्याला शिरूच देऊ नका. तुम्ही म्हणायचे फरशीखाली कड्यांमध्ये पाणी वाहायला खाचा ठेवू. मी म्हणायची, जितक्या खाचा तितक्या कुजायच्या जागा. मग मागच्या फळीवरून जुंपली. मला प्लायचे थर चिकटवायचे होते, तुम्हाला अख्ख्या बिजाच्या लाकडाशिवाय काही चालत नव्हतं. "प्लाय म्हंजे लाकडाचा पापड," म्हणाले. आठ दिवस वाद घालून मी बिजाला हो म्हटलं.

पावसाळ्यात मी काम थांबवलं. हवेत ओल असली की रेझिन नीट बसत नाही, आणि लाकूड ओलं असेल तर धरतच नाही. तुम्हाला वाटलं मी मुद्दाम करते. रोज सकाळी आंघोळ झाली की तुम्ही शेडमध्ये जाऊन फळीवर तळहात ठेवायचे.

"सुकलं."

"नाही सुकलं, मामाजी."

"चाळीस वर्षं लाकडाले हात लावून राहिलो मी. सुकलं म्हनतो तर."

"मग आणखी आठ दिवस हात लावा."

पोळा गेला, गणपती गेले. तुम्ही माझ्याशी कमी आणि फळीशी जास्त बोलत होते. शेवटी ऊन निघालं, कड्या बसल्या, वर फरशी बसली, मागची फळी बसली, मी तिच्यावर चारी बाजूंनी थर चढवले. आणि तुमच्याकडून वचन घेतलं. मोटरचे बोल्ट बसवायला भोकं पाडावी लागतील, तेव्हा आधी मोठं भोक पाडायचं, ते रेझिनच्या पुट्टीनं भरायचं, ती दगडासारखी झाली की तिच्यात लहान भोक पाडायचं. म्हणजे बोल्टला लाकूड लागत नाही आणि लाकडाला पाणी लागत नाही. "आणि हे मी करीन," असं मी म्हटलं. तुम्ही "हौ" म्हणाले.

दसऱ्यानंतर मला तिरोड्याला दारं बसवायचं काम होतं. दोन दिवस मी तिकडेच. परत आली तर मागच्या फळीला चार भोकं.

मी पिशवी खाली ठेवायच्या आधी ओरडली. "कोणाले विचारून पाडली?"

तुम्ही स्टुलावर बसून पटाशीला धार लावत होते. "मोटर का हवेत टांगू?"

"मी काय सांगितलं होतं भोकांचं?"

"मी ते..."

"तुमाले फक्त लाकूड समजते, मामाजी. नाव नाई समजत. लोकं बुडवाल तुम्ही एखाद्या दिवशी!"

तुम्ही पटाशी खाली ठेवली आणि उठून घरात गेले. "मी ते" च्या पुढं काय होतं, ते तिथंच राहिलं. मी वर पाहिलं, खाली पाहिलं, आत्याबाईंकडे तक्रार केली, दिलीपना सुनावलं. फक्त त्या भोकांजवळ जाऊन आत पाहिलं नाही. पाच पावलांवर तर होती.

मग तीन दिवस आपण बोललो नाही. जेवताना तुम्ही आत्याबाईंना सांगायचे, "तिले म्हना, वरणात मीठ कमी आहे." मी आत्याबाईंना सांगायची, "मिठाचा डबा समोरच आहे म्हणा." आत्याबाई म्हणाल्या, "मी का पोस्टमन हाव?" त्या दिवसांत परतीचा पाऊस येऊन गेला. बोट शेडपेक्षा लांब, मागचा भाग बाहेर आणि खाली झुकलेला, त्यामुळं आत पाणी साचलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही एकटेच डब्यानं ते उपसत होते. मी खिडकीतून पाहत होती. मदतीला गेली नाही. म्हटलं, उपसू द्या. चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही चौकात चहा प्यायला गेले. बाकावर बसले, छातीला हात लावला, शेजारच्याला म्हणाले, जरा माझ्या पोराला फोन लाव. दिलीप पोहोचले तेव्हा तुम्ही बोलत होते. दवाखान्यात पोहोचले तेव्हा नव्हते.

दहाव्याच्या सकाळी मी मागच्या दोरीवर कपडे वाळत घालत होती. पाऊस जाऊन दिवस झाले होते, बोट वरून खडखडीत कोरडी. आणि फळीच्या खालच्या भोकातून एक थेंब पडला. मी बोट लावलं. लालसर तपकिरी. साखरेची बिमारीवाले बिजाच्या लाकडी ग्लासात पाणी ठेवून पितात, त्याला जो रंग येतो, तोच. म्हणजे पाणी वरचं नव्हतं, लाकडाच्या आतून येत होतं.

 ओलं पातळ हातातच होतं.

तेरवीला दयाराममामा आले. जेवण झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हलका धान कापून पडला आहे, पोरी. ढग येऊन राहिले. मिस्त्री दिवाळीच्या आधी डोंगा देतो म्हनला होता."

"अजून नाही देता येत, मामा."

"काऊन? मी पाह्यला, झाला तं आहे."

"मागची फळी काढायची आहे."

 दिलीपनं मध्ये पडून म्हटलं, एक खेप होऊ दे, धान घरी येऊ दे, मग उघडू. मला समजावून सांगता येईना. पाणी प्यालेल्या फळीवर मोटर टांगायची, मागं धक्के, पुढं दहा माणसं आणि पोती, आणि धरणाच्या मधोमध फळी सुटली तर? एका खेपेत सुटणार नाही कदाचित. दुसऱ्या वर्षी सुटेल. आतून चोथा होईल आणि वरून पांढरी राहील. मी म्हटलं, "मी देत नाही." मामा उठून गेले. जाताना आत्याबाईंना म्हणाले, "तुई सून लय शहाणी आहे." चांगल्या अर्थानं नाही म्हणाले.

म्हणून दुसऱ्या दिवशी ग्राइंडर.

पहिल्या भोकाच्या भोवतीचा तुकडा कापून बाहेर आला, तो मी उन्हात धरला आणि मशीन बंद केली. भोकाच्या कडेला पिवळं कडं होतं, करंगळीएवढं जाड. रेझिनची पुट्टी. दुसऱ्याला पण, तिसऱ्याला पण. चारही भोकं तुम्ही आधी मोठी पाडली होती, भरली होती, आणि मग त्यात लहान पाडली होती. अगदी मी सांगितलं तसंच. फक्त प्रत्येक कड्याला तडा गेला होता. पाणी त्या तड्यांतून आत गेलं होतं.

मी तुमची हत्यारांची पेटी उघडली. रंध्याच्या मागं चहाचे कागदी कप एकात एक ठेवलेले. सहा. प्रत्येकात रेझिन घट्ट झालेलं आणि बाहेरून तुमच्या सुतारी पेन्सिलीनं लिहिलेलं, एक झाकण, दीड झाकण, दोन झाकण. रेझिन घट्ट करायला टाकतात त्या हार्डनरचं माप. मी तिरोड्याला दारं बसवत होती तेव्हा तुम्ही इथं कपात शिकत होते.

आणि एक झाकणवाला कप बरोबर होता, मामाजी! काचेसारखा, कुठं रेघ नाही. दोन झाकणांचा जळून पिवळा पडलेला, उभा तडकलेला. जास्त हार्डनर टाकलं की ते तापते आणि फाटते, एवढंच तर आहे. समोर दोन्ही कप ठेवलेले असताना तुम्ही दोन झाकणंवालं घेतलं, कारण ते दहा मिनिटांत घट्ट होते. घाई कशाची होती? धानाची, की मी यायच्या आत संपवायची? पावसाळाभर मी तुमच्याशी कशावरून भांडत होती? घाईवरूनच ना? आणि एवढं केलं, तर सांगायचं होतं. "मी ते भरून घेतलं," एवढे चार शब्द. मी ओरडली म्हणून काय झालं? चाळीस वर्षं तुम्ही ठेकेदारांना दबून राहिले नाही, माझ्या ओरडण्यानं गप्प बसले? तुम्ही सांगितलं असतं तर मी पाहिलं असतं, तडे दिसले असते, तासाभराचं काम होतं. फळी वाचली असती. मी तुम्हाला लोकं बुडवाल म्हणाली, ते तसंच राहिलं नसतं.

मी शेडमध्ये बसून त्या कपांना शिव्या दिल्या. दिलीप धावत आले. मी त्यांच्या हातात तुकडा दिला आणि सांगितलं काय आहे ते. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "सांग, काय धरू?"

तुमच्या पोराला सुतारकाम येत नाही, हे तुमचं जन्माचं दुःख. अजूनही येत नाही. पण त्यांनी आठ दिवस धरलं. बिजाची फळी आम्ही तुकड्या-तुकड्यांनी काढली. नवी मी प्लायची केली, थरावर थर. पापड म्हणा. दिवाळी घरात नव्हतीच, त्यामुळं कामाला सुटी पडली नाही. सकाळी गारवा असायचा म्हणून ऊन चढल्यावरच रेझिन घ्यायची, एकच झाकण, आणि सुकेपर्यंत आम्ही दोघं नुसते बसून राहायचो. आणि फरशी उचलून, ती पुन्हा बसवण्याआधी मी कड्यांच्या खाली पाणी वाहायला खाचा काढल्या, आतून नीट बंद करून, मागं निघायला वाट ठेवून. मी कितीही जपलं तरी पाणी येणार, हे मला त्या थेंबानं सांगितलं. तिथं तुम्ही बरोबर होते. घ्या, लिहून देते.

गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा, झाल्यावर दुसऱ्या दिवशी नाव पाण्यात उतरवली. दयाराममामांनी नारळ फोडला, माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचा हलका, लवकर येणारा धान तोवर एकदा भिजला होता आणि काळा पडला होता. ते माझ्या हट्टामुळं, हे सगळ्यांना माहीत होतं, मलाही. भारी, उशिरा कापायचा धान मात्र अजून कोरडा होता. आम्ही पलीकडे गेलो. आत्याबाई पण आल्या. नको म्हटलं तरी बसल्या. पोती भरली, एकावर एक, लाकडी डोंग्याच्या चौपट, आणि काठ पाण्यापासून हातभर वर राहिला. मी मागच्या बाजूला गुडघाभर पाण्यात उभी राहून नाव धरून होती आणि फळीकडे पाहत होती. कोरडी होती.

मामांनी शेवटचं पोतं ठेवलं, काठावर हात फिरवला आणि मोठ्यानं म्हणाले, "मिस्त्रीचा हात म्हंजे हात होता. जाता जाता गावाले डोंगा देऊन गेला." सगळे हौ-हौ म्हणाले. एकानं डोळे पुसले.

गप्प बसायला पाहिजे होतं मी. आई शपथ, गप्पच बसणार होती.

"मागची फळी माझी आहे," मी म्हटलं. "मिस्त्रीची फळी चुकली होती. मी काढली. कड्या त्यांच्या आहेत, खाचा त्यांच्या सांगण्यानं आहेत. फळी माझी."

 दिलीप पाण्याकडे पाहायला लागले. मामांनी दोर आवरायला घेतला. आत्याबाई पोत्यावर बसल्या होत्या, पदर डोक्यावर, आणि तेरा दिवसांत आणि त्याच्यानंतरही मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्या हसल्या.

"खरं सांगतलं, बरं केलं," त्या म्हणाल्या. "पन तो असता तं लय चिडला असता व तुयावर."

मोटर सुरू झाली, मी आत चढली, नाव सरळ पाणी कापत निघाली.

चिडले असते तर बरं होतं, मामाजी. या वेळी मी मध्ये बोलली नसती.